कर्मवीर भाऊराव पाटील : शिक्षकांच्या स्वाधीन केलेली संस्था

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास ज्या मोजक्या पुरुषांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे, त्यांत पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान फार वरचे आहे. नाशिक जिल्ह्यात ‘कर्मवीर’ ही उपाधी उच्चारली की प्रथम १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे धुरीण डोळ्यांसमोर येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु साताऱ्याचे कर्मवीर हे जन्माने जैन होते, दक्षिण महाराष्ट्रातील एका श्रद्धाळू दिगंबर जैन शेतकरी कुळात ते वाढले, ही गोष्ट खुद्द जैन समाजातील अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही भाऊराव आठवतात ते बहुधा ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे जनक म्हणून. त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे आणि ती शाळा, वसतिगृहे व पाठशाळा चालविणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेने मुद्दाम न्याहाळावी अशी आहे. ती म्हणजे भाऊरावांनी शिक्षकाला संस्थेत दिलेले स्थान.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे हे गाव जैनांना तीर्थक्षेत्र म्हणून परिचित आहे. वडील पायगोंडा पाटील, आई गंगाबाई. घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. व्रतवैकल्ये, उपवास, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, मुनिसेवा अशा वातावरणात बालपण गेले. मुलगा अंगापिंडाने धिप्पाड, कुस्तीचा षौकीन आणि अभ्यासात मात्र बेताचाच. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या बोर्डिंगची सूत्रे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती होती.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी या मुलाला आपल्या आश्रयाला घेतले. हा प्रसंग जैन समाजाने झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या काळच्या चालीरीतींच्या हिशेबाने बोर्डिंगच्या चालकांनी वेगळे काही केले नव्हते. पण एका वसतिगृहातून बाहेर पडलेला तो मुलगा पुढे स्वतः वसतिगृहे काढणार होता, आणि तेथे कोणालाही या कारणासाठी बाहेर जावे लागणार नव्हते.

लठ्ठे आणि भाऊराव यांचा संबंध एवढ्यावर संपला नाही. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. संशय लठ्ठे यांच्यावर आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणण्यात आला. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलून स्वतःची सुटका करून घेणे सोपे होते. भाऊरावांनी तसे केले नाही. त्यांनी तुरुंगवास व अतोनात छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. सत्य हे जैन आचारातील पंचव्रतांपैकी एक आहे. ते पाळण्यासाठी किती किंमत मोजावी लागते, हे भाऊरावांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अनुभवले.

मॅट्रिकची पायरी ओलांडण्यापूर्वीच त्यांचे शिक्षण थांबले होते. त्यानंतर साताऱ्यात खासगी शिकवण्या घेत असताना लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१० साली सांगलीजवळच्या दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला, तो त्यांच्या पुढील कार्याचा पहिला अंकुर होय. पोटासाठी मात्र त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा फिरता विक्रेता म्हणून काम पत्करले. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला नवा नांगर विकायचा म्हणजे केवळ वस्तूचे वर्णन करून भागत नाही. त्याच्या बांधावर जावे लागते, त्याच्या बैलांची ताकद, त्याची जमीन, त्याचे कर्ज या साऱ्यांची विचारपूस करावी लागते, आणि गिऱ्हाइकाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. या भटकंतीत भाऊरावांनी खेड्याचे दारिद्र्य जवळून पाहिले. ऐकून घेण्याची जी सवय त्यांना या धंद्यात लागली ती पुढे शाळा चालविताना त्यांच्या उपयोगी पडली असे मानायला जागा आहे. नंतर साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. तेथे मतभेद झाले आणि उद्योगाशी त्यांचा संबंध सुटला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शाहू महाराज नाशिकला येऊन त्यांनी उदोजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसविली ती त्यानंतरच्याच वर्षी, १९२० साली. बहुजन समाजाला शिक्षण द्यायचे तर आधी त्याच्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली पाहिजे, हा विचार त्या काळात महाराष्ट्रभर रुजत होता. जैन परंपरेत आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. वसतिगृहात त्यांतील पहिले आणि शेवटचे दान एकाच छपराखाली घडते. आपल्याकडे चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ साली निघाला, त्याच्याही मुळाशी हीच दृष्टी होती.

१९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, धनगर अशी सर्व मुले एकत्र राहत. दळण, सरपण, पाणी, स्वयंपाक, शेतकाम ही सारी कामे मुले स्वतः पाळीपाळीने करीत आणि एका पंक्तीत जेवत. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी साताऱ्यातील या एका पंक्तीला सहा वर्षे होत आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पंक्तीचे मोल कळते.

या संसाराचा खरा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या जैन गृहिणीने पतीचे व्रत पाहून आपले मन पालटले आणि नाना जातींच्या मुलांना पोटाशी धरले. त्यांचे माहेर सधन होते, अंगावर भरपूर सोने होते. ते एकेक करून बोर्डिंगच्या धान्यापायी गेले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत काहीच उरले नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातले, ही हकिकत साताऱ्याच्या घराघरांत सांगितली जाते. १९३० साली त्यांचे निधन झाले. समाजाने भाऊरावांचे पुतळे पुष्कळ उभारले, पण संस्थेच्या जमाखर्चात भांडवल म्हणून पहिली रक्कम कोणाची जमा झाली असा प्रश्न केला तर उत्तर लक्ष्मीबाईंचेच द्यावे लागते.

बोर्डिंगांची संख्या वाढू लागली. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. आता निराळीच अडचण पुढे आली. मुले शिकवायची तर शिक्षक हवेत, आणि खेड्यात जाऊन राहणारे, तेथेच रमणारे शिक्षक मिळत नव्हते. शहरात शिकलेला मनुष्य खेड्यातील नेमणूक म्हणजे शिक्षा समजे आणि बदलीची वाट पाहत दिवस काढी. भाऊरावांनी ओळखले की असा शिक्षक बाहेरून विकत आणता येणार नाही, तो घरीच घडवावा लागेल. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले, जे पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. बोर्डिंगमध्ये वाढलेला मुलगा येथे शिक्षक होई आणि आपल्यासारख्याच एखाद्या खेड्यात परत जाई.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. कोल्हापूरच्या बोर्डिंगचे ते चालक आणि तेथून बाहेर पडलेला विद्यार्थी आता वेगळ्या भूमिकांत समोरासमोर आले होते. जेथे सरकारी शाळा नाही अशा लहान गावांत लोकांनी पुढाकार घेऊन शाळा काढल्यास अनुदान देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आणि भाऊरावांनी व्हॉलंटरी शाळांचा सपाटा लावला. जागा गावाने द्यायची, तीही बहुधा देवळाची ओसरी किंवा चावडी. शिक्षक संस्थेने द्यायचा. डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांत एकशिक्षकी शाळा उभ्या राहिल्या. पुढे त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. पगार तुटपुंजा, तोही कधी वेळेवर तर कधी उशिरा. वरिष्ठ अधिकारी क्वचितच फिरकणार. मुलांना शिकवणे, गावकऱ्यांची पत्रे वाचून दाखवणे, भांडणे मिटवणे आणि रात्री प्रौढांना अक्षरओळख करून देणे, हे सारे त्या एकट्या शिक्षकाकडे.

असा शिक्षक टिकला कसा, हा या चरित्रातील खरा प्रश्न आहे. शिक्षणशास्त्रात शाळेच्या प्रमुखाची लोकशाही कार्यपद्धती आणि शिक्षकाचे कार्यसमाधान यांच्या संबंधाचा हल्ली पुष्कळ अभ्यास होतो. जेथे शिक्षकाला निर्णयात भाग मिळतो तेथे तो समाधानाने काम करतो, असा त्याचा साधारण सूर असतो. भाऊरावांच्या वेळी ही परिभाषा नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की, शिक्षकाला नोकर न मानता संस्थेचा मालक मानले, आणि ते बोलण्यापुरते न ठेवता संस्थेच्या रचनेत उतरविले.

यासाठी त्यांनी आजीव सदस्य आणि आजीव सेवक ही पद्धत स्वीकारली. महाराष्ट्राला ती नवी नव्हती. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्याची वीस वर्षे द्यावीत आणि संस्थेचा कारभारही त्यांनीच पाहावा, असा दंडक होता. आगरकर, गोखले, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्यासारखी माणसे त्यातूनच लाभली. महिना ७५ रुपयांवर या विद्वानांनी आयुष्ये घालविली. पण त्याच संस्थेत बाहेरच्या मिळकतीच्या व वेतनाच्या प्रश्नांवरून तीव्र वाद झाले आणि १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. शिक्षकांच्या हाती कारभार दिला की वाद संपतात असे नव्हे. उलट ते उघडपणे होतात. तरीही ती संस्था मोडली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुण्यात ज्यांनी हा प्रयोग केला ते आधीच उच्च विद्याविभूषित होते. भाऊरावांपुढे तशी माणसे आयती नव्हती. त्यांना आधी अनाथ, अर्धपोटी मुले गोळा करावी लागली, त्यांना जेवू घालून वाढवावे लागले, पदवीपर्यंत शिकवावे लागले आणि मगच त्यांच्या हाती कारभार देता आला. हा हिशेब पंधरा-वीस वर्षांचा होता. इतक्या लांब मुदतीने परत मिळणारी गुंतवणूक व्यापारीही सहसा करीत नाही. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पांडुरंग गणपती पाटील यांना विलायतेस जाण्यासाठी भाऊरावांनी पाठबळ दिले. ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत वकिली करून ते सुखाने राहू शकले असते. ते साताऱ्यास संस्थेत आले, प्राचार्य झाले, संस्थेचा कारभार पाहू लागले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इस्माईलसाहेब मुल्ला हेही या परिवारात वाढलेले. वकील होऊन त्यांनी संस्थेच्या सचिवपदाची धुरा वाहिली. जैन संस्थापकाने काढलेल्या, मराठा विद्यार्थ्यांचा मोठा भरणा असलेल्या संस्थेचा सचिव मुसलमान असावा, याचे साताऱ्यात कोणालाही नवल वाटले नाही.

संस्थेच्या घटनेप्रमाणे सर्वसाधारण सभा, कार्यकारी मंडळ आणि त्याबरोबर आजीव सदस्यांचे व आजीव सेवकांचे मंडळ अशी रचना झाली. दैनंदिन कारभाराचे मुख्य पद जे सचिवाचे, ते बाहेरच्या धनिकाकडे अगर पुढाऱ्याकडे न जाता संस्थेतच अध्यापक म्हणून वाढलेल्या आजीव सदस्याकडे जावे, असा परिपाठ पडला. खेड्यातील एकशिक्षकी शाळेपासून सचिवाच्या खुर्चीपर्यंत एकच जिना होता आणि तो शिक्षकांसाठीच राखलेला होता. आज आपण ज्या शाळेत शिकवतो तिच्या नेमणुका, बदल्या, इमारती, नव्या शाखा यांचे निर्णय आपल्यापैकीच कोणीतरी घेणार आहे, ही जाणीव शिक्षकाच्या मनात किती बळ भरत असेल याची कल्पना करता येते. शिक्षकांची स्वतःची सहकारी बँकही उभी राहिली. आजारपण, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण यांसाठी सावकाराच्या दारी जाण्याची वेळ टळावी हा तिचा हेतू. तिचे संचालक सभासद शिक्षकच निवडून देतात. संस्थेसाठी पगाराचा काही भाग कृतज्ञतेने देण्याची प्रथाही रयत सेवकांत रूढ झाली.

येथे भाऊरावांच्या स्वभावाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. लोकशाही वृत्तीचा म्हटला म्हणजे मृदू बोलणारा, सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी मत देणारा पुरुष नजरेसमोर येतो. भाऊराव तसे नव्हते. ते तापट होते. त्यांचा दरारा मोठा होता, अनवाणी पायांनी ते आवारात आले की मुलेच काय, शिक्षकही सावरून उभे राहत. सारे त्यांना अण्णा म्हणत आणि वडिलांना भ्यावे तसे भीत. हे नेतृत्व आजच्या पुस्तकी अर्थाने लोकशाही म्हणता येईल काय, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अनाठायी ठरणार नाही. उद्दिष्टाच्या बाबतीत ते तडजोड करीत नसत. सर्व जातींची मुले एकत्र राहणार, श्रम करूनच शिकणार, हे ठरलेले. त्यावर मतदान नव्हते. परंतु वर्गात काय आणि कसे शिकवायचे, विद्यालय कसे चालवायचे, यात ते शिक्षकाच्या आड येत नसत. याचे एक कारण असे दिसते की, स्वतः मॅट्रिक न झालेला हा मनुष्य पदवीधरांना अध्यापन शिकवण्याच्या भानगडीत पडू इच्छीत नव्हता. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याच्यावर सोपवावे, ही पेढीवरची जुनी रीत आहे. ती पाळायला मात्र मोठे मन लागते.

देणगीदारांच्या बाबतीतही त्यांचे धोरण असेच होते. त्यांनी आयुष्यभर झोळी फिरवली. सयाजीराव गायकवाडांसारख्या संस्थानिकांपासून मुष्टिफंडात मूठभर जोंधळा टाकणाऱ्या शेतकरी स्त्रीपर्यंत सर्वांकडून घेतले. १९४० साली साताऱ्यात निघालेल्या विद्यालयाला त्यांनी महाराजा सयाजीराव यांचे नाव दिले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही योजना तेथे पूर्णत्वास गेली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली असता त्यांनी ती नाकारली, असे सांगतात. दाता पूज्य, पण दान दिले म्हणून त्याला मुख्याध्यापकाच्या खुर्चीमागे उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही, हा त्यांचा दंडक होता. विश्वस्त मंडळे आणि शिक्षक यांच्यात अनेक ठिकाणी जी कुरबुर चालते तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते. देणगी देणारे बहुधा व्यापारी असतात आणि दुकानातील नोकर व शाळेतील शिक्षक यांत भेद करण्याची सवय त्यांना नसते.

या रचनेची खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात मोठी जाळपोळ झाली, वातावरण कलुषित झाले. अण्णांनी १९४८ साली गांधीजींच्या नावाने १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला. दुसरीकडे त्यांची जाहीर वक्तव्ये सरकारला रुचली नाहीत, बेबनाव वाढला आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. ज्या संस्थेकडे शिल्लक म्हणून काही नव्हते तिचा श्वासच कोंडल्यासारखा झाला. अशा वेळी पगारी नोकर दुसरी नोकरी शोधतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. संस्थेच्या शिक्षकांनी शाळा बंद पडू दिल्या नाहीत. त्यांनी अर्धपोटी राहून वर्ग चालविले, गावोगाव फिरून धान्य व पैसा गोळा केला, आणि गावांनीही आपल्या मास्तरला उपाशी ठेवले नाही. पुढे संत गाडगेबाबांनी बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगेबाबांचा हा उपकार अण्णा विसरले नाहीत; १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला त्यांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

या त्यागाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. आजीव सेवकाने व्रत घेतले ते स्वतःच्या खुशीने, पण त्याच्या पत्नीने आणि मुलांनी ते घेतले नव्हते. आडगावी बदली झाली की घर हलवावे लागे, मुलांची शाळा बदले, म्हाताऱ्या आईवडिलांची आबाळ होई. अशा किती घरांनी काय सोसले याचा जमाखर्च कोठेही लिहिलेला नाही. समाधान ही मोठी गोष्ट खरी, पण तिच्या नावाखाली शिक्षकाला कमी पगारात राबवून घेणे हा वेगळा प्रकार आहे, आणि भाऊरावांचे नाव घेऊन तो करणाऱ्या संस्था नाहीत असे म्हणता येणार नाही. भाऊरावांनी त्याग मागितला तो स्वतःचे घर आधी रिकामे करून, आणि मागितला त्याच्या बदल्यात सत्तेतील वाटा दिला. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात कायदा झाला तो १९७७ साली. त्याने शिक्षकाच्या नोकरीला संरक्षण दिले, जे अण्णांच्या काळातील शिक्षकाला नव्हते. पण कायद्याने नोकरी टिकते. शाळा आपली वाटणे ही गोष्ट कायद्याच्या कलमात बसत नाही.

साताऱ्यास १९५५ साली मौलाना आझादांच्या नावाने शिक्षक-प्रशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. शिवाजी कॉलेजात तरुण प्राध्यापक म्हणून एन. डी. पाटील यांनी काम केले ते याच सुमारास. कमवा आणि शिका योजनेतील मुलांच्या सहवासात त्यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण झाली आणि पुढे १९९० नंतर ते संस्थेचे चेअरमन झाले. संस्थेचा विस्तार हळूहळू सातारा जिल्ह्याबाहेर होत गेला. नाशिककरांच्या शेजारी कोपरगावला १९६५ साली निघालेले सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय हे याच वटवृक्षाची एक पारंबी आहे. संस्थेचे बोधचिन्हच मुळी वटवृक्ष आहे.

अखेरच्या वर्षांत अण्णांची प्रकृती खालावली. १९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षा हुकलेला विद्यार्थी बहात्तराव्या वर्षी डॉक्टर झाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. त्या वेळी संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये चालू होती. शाळांना उन्हाळ्याची सुटी होती. संस्थापक गेल्यावर कारभार कोणी पाहायचा हा प्रश्न अनेक संस्थांना फुटीपर्यंत नेतो; साताऱ्यात तो उद्भवला नाही, कारण कारभार पाहणारे आधीच पाहत होते. जूनमध्ये शाळा उघडल्या.